साडेनऊला तुम्ही बोलत होता

आक्का, मी आबांना अजून सांगितलेलं नाही.

तुम्हाला जाऊन आज एक महिना आणि चार दिवस झाले. तुमच्या दोघी पोरी आपापल्या घरी गेल्या. घरात आता आबा, आमचे हे, आमची ऋतुजा आणि मी. जे सांगायचं आहे ते एका वाक्याचं आहे आणि ते मला पाठ आहे. भाकरी थापताना ते तोंडाशी येतं, आबांची चाहूल लागली की परत आत जातं. म्हणून आधी तुम्हाला लिहिते. तुमच्याशी बोलताना मला कधी अडलं नाही. ऋतुजाच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, ती घेतली आहेत. चौथीची शाळा सुटल्यापासून एवढं सलग काही लिहिलं नव्हतं. हात दुखतो, पण थांबले तर पुन्हा बसायची नाही.

एकोणीस वर्षांत मी आबांशी एक शब्द बोलले नाही. भांडण नव्हतं, राग नव्हता. थोरल्या दिराशी धाकट्या भावाच्या बायकोनं बोलायचं नाही, त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर सोडायचा नाही, असं मी माहेराहून शिकून आले होते. आता आपल्याकडं हे फारसं कुणी पाळत नाही. शेजारच्या सुना थोरल्या दिराच्या मोटारसायकलवर मागं बसून अंथुर्ण्याच्या बाजाराला जातात. तुम्ही मला पहिल्याच वर्षी म्हणाला होता, "अगं, ते काय वाघ हायती का? बोल की." मला जमलं नाही. मुळात मी बुजरी, त्यात ही रीत सापडली. तिच्या आड मला बरं वाटायचं. हे आज पहिल्यांदा कबूल करते.

मग थोरली जाऊ म्हणून माझं बोलणं तुम्हीच बोलायला लागला. आबा ओट्यावर बसलेले, मी चुलीपाशी आणि मध्ये उंबऱ्यावर तुम्ही. ते म्हणायचे, "हिला इचार, मेथीच्या जुड्या किती झाल्या." मला ऐकू यायचं. मी तुम्हाला हळूच सांगायची, "दीडशे." मग तुम्ही मोठ्यानं आबांना सांगायचा. तीन माणसं दहा पावलांच्या आत आणि तुमच्या येरझाऱ्या. कधी तुम्हाला लहर यायची. मी सांगितलेलं असायचं की तेल संपलंय, आणि तुम्ही आबांना सांगायचा, "सुमन म्हणतीय, तुमची मिशी लई वाढलीया, तेवढी कापून या." मी आत लाजेनं मरायची. आबा हसायचे आणि म्हणायचे, "तिला सांग, तेल आणतो." त्यांना कळायचंच.

मला सुईत दोरा ओवता येईना तेव्हा चष्मा पाहिजे हे कुणाला सांगायचं, म्हणून मी सहा महिने गप्प होते. तुम्ही जेवायला वाढता वाढता आबांना म्हणाला, "हिला सुई दिसत न्हाय, तशाच फ्लॉवरातल्या अळ्या बी दिसत न्हाईत. खाताय तुमी. बघा बाबा." दुसऱ्या दिवशी आपण इंदापूरला डोळे तपासायला. जीपमध्ये आबा पुढं, मी मागं आणि मध्ये तुम्ही. हा चष्मा तोच आहे.

आणि पहिल्या वर्षीचा तो ताप. तीन दिवस अंगात ताप घेऊन मी भांडी घासत होते. तुम्ही ताट हातात घेतलं आणि म्हणाला, "हे ताट गरम कसं?" मग माझा हात धरून बघितला. "ताट न्हाय तापलं, तू तापलीयास. आन तोंडात काय दात आवळून बसलीयास?" त्या दिवशी तुम्ही बायकांत बसून म्हणाला होता, "आमच्या सुमनचं तोंड म्हणजे बँकेतला लॉकर. दोन चाव्या लागत्यात. एक तिची, एक माझी." सगळ्या हसल्या. मीही हसले. मला ते आवडलं होतं. तुमच्याकडं चावी आहे म्हणजे माझं काही अडणार नाही, असं मी धरून चालले.

आता त्या दिवसाचं लिहिते. क्रमानं लिहिते, म्हणजे लपवायला जागा राहणार नाही.

सकाळी उठल्यावर तुमचं डोकं दुखत होतं. चहा घेतला नाही. आबा सातला इंदापूरला तहसीलच्या कामाला निघाले तेव्हा तुम्ही डोकं धरून ओट्यावर बसला होता. ते म्हणाले, "आज मळ्यात जाऊ नगं." तुम्ही "व्हय" म्हणाला आणि ते वळणावर गेले तशी डोक्याला फडकं बांधून, साडीवर आबांचा जुना फुल बाह्यांचा शर्ट चढवून भेंडीत आला. एक दिवस तोडा चुकला की भेंडी जून होते. तासाभरात तुमचं डोकं दुखायचं थांबलं. तुम्ही नेहमीसारख्या माझ्यापुढं दोन सऱ्या होता आणि मला चिडवत होता की माझ्या बादलीत भेंडीपेक्षा पानंच जास्त.

मग ऋतुजाचा विषय निघाला. तिला बारावीनंतर बारामतीला नर्सिंगला जायचं आहे. आमचे हे म्हणतात, आबा म्हणतील तसं. म्हणजे आबांना कुणीतरी सांगायला पाहिजे. मी तुम्हाला आठवडाभर म्हणत होते, तुम्ही सांगा. त्या दिवशी तुम्ही साफ सांगितलं.

"मी न्हाय सांगणार. भाजीचं सांगितलं, तेलाचं सांगितलं, चष्म्याचं सांगितलं. हे तू सांग."

"असं काय करता, आक्का. तुमी सांगितलं की ते न्हाय म्हणत न्हाईत."

"ती तुझी लेक हाय. तिच्यासाठी तुझं तोंड उघडत न्हाय, तर मग कशासाठी उघडंल?"

मला ते लागलं. खरं होतं म्हणून लागलं. आणि मी, जी कुणाला काही बोलत नाही, ती तुम्हाला बोलले. म्हटलं, "तुमचं बरं हाय. तुमच्या पोरी सासरी गेल्या. तुमाला काय."

तेवढ्यात लाईट आली. त्या आठवड्यात आपल्याकडं थ्री फेज साडेनऊला येत होती. विहिरीवरचा बल्ब लागला तसं तुम्ही बादली ठेवली, चालत विहिरीवर गेला, स्टार्टरची पेटी उघडली आणि उजव्या हातानं मोटर चालू केली. मी बघत होते. रागात असले तरी बघत होते. परत येताना बांधावरून तुम्ही म्हणाला, "पाणी बघ गं तिकडं, सरी फुटंल." स्वच्छ शब्द. नेहमीचा आवाज. मी मुद्दाम मान वर केली नाही.

आक्का, हेच ते वाक्य. साडेनऊला तुम्ही चालत होता आणि बोलत होता, आणि हे मी बघितलं. दुसरं कुणी नाही, मीच.

त्यानंतर थोड्या वेळानं तुमच्या सरीत बादली पडली. भेंडी सांडल्याचा आवाज आला. मला वाटलं, रागानं आपटली. मग तुम्ही काहीतरी म्हणाला. शब्द जड, एकात एक अडकलेले. तुम्ही काम झालं की मिश्री लावायचा आणि तोंडात मिश्री असताना बोललेलं कुणालाच कळायचं नाही, त्यावरून घरात किती चेष्टा व्हायची. मला वाटलं, मिश्री लावून बसल्यात बांधावर. मला मुद्दाम टोचून बोलताहेत. मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि माझी सरी तोडत राहिले. सरीच्या टोकापर्यंत गेले. टोकाला पोचल्यावरच वळले.

तुम्ही बांधाला टेकून बसला होता, पण बसणं नीट नव्हतं. एक पाय दुमडून अंगाखाली गेलेला. तोंड एका बाजूला ओढलेलं, त्या कडेनं लाळ गळत होती. मी पळत आले आणि पदरानं पुसली. पदर काळा होईल म्हणून मी तो आधी दुमडून घेतला, असलं सुद्धा मला त्या वेळी सुचलं. पुसलं तर पदर नुसता ओला झाला. मिश्री नव्हतीच तोंडात.

काय म्हणाला होता तुम्ही? हे मी रोज विचारते. हाक मारली होती की शिवी दिली होती, मला माहीत नाही.

मी ह्यांना फोन केला. हे पलीकडच्या रानातून आले, विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "पडल्या." कधी, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्यांनी आबांना फोन लावला, शेजारची ओमनी बोलावली. गाडी येईपर्यंत तुम्हाला घरी आणून बाजेवर घातलं, कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरला. गाडी दारात उभी राहिली आणि मी ह्यांना म्हटलं, जरा थांबा. तुमच्या अंगावर चिकाचे डाग पडलेला तो शर्ट होता, साडी मातीनं भरलेली. बारामतीच्या दवाखान्यात तुम्हाला असं कसं न्यायचं, आबांना काय वाटेल, लोक काय म्हणतील. मी दार लावून तुमची साडी, ब्लाउज सगळं बदललं. एका बाजूचं अंग पूर्ण ढिलं, एकटीला उचलत नव्हतं. शेजारीण आली मदतीला. निऱ्या सुद्धा नीट घातल्या मी. बाहेर गाडीचं इंजिन चालू होतं.

वाटेत गावातल्या डॉक्टरांकडं थांबलो. त्यांनी गाडीतच बघितलं, हात वर करायला सांगितला, हसायला सांगितलं आणि म्हणाले, "इथं एक मिनिट घालवू नका. सरळ बारामती." दवाखान्याच्या दारात पोचलो तेव्हा सव्वाबारा वाजले होते. आबा इंदापूरहून आमच्या मागोमागच आले.

त्या दवाखान्यातल्या लोकांनी वेळ घालवला नाही, हे मला लिहायलाच पाहिजे. गाडीतून तुम्हाला स्ट्रेचरवर घेतलं ते थेट आत. एका नर्सनं कात्रीनं ब्लाउजची बाही कापली आणि सुई लावली. मी तासाभरापूर्वी घातलेला चांगला ब्लाउज. दुसरीनं साखर तपासली. तोवर डोक्याचा फोटो काढायला नेलंसुद्धा. आम्ही भिंतीला लागून उभे होतो. डॉक्टर तरुण होते. बाहेर आले आणि चालता चालताच विचारलं, "शेवटच्या नीट कधी होत्या? नीट चालताना, नीट बोलताना कुणी, किती वाजता बघितलं?"

आबा म्हणाले, "सकाळपासनंच बरं न्हवतं. उठल्यापासनं डोकं धरून बसली व्हती. चा बी घेतला न्हाय."

"तुम्ही शेवटचं कधी बघितलं?"

"सातला निघालो मी."

"त्यानंतर? सातनंतर कुणी बघितलं का?"

आबा ह्यांच्याकडं बघायला लागले. हे म्हणाले, "मी आलो तवा पडलेल्याच व्हत्या."

मी आबांच्या मागं उभी होते. ह्यांच्या शर्टाची बाही धरून ओढली. "अहो," म्हटलं. ते म्हणाले, "थांब जरा, डॉक्टर बोलत्यात."

मी थांबले.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मेंदूच्या शिरेत रक्ताची गुठळी अडकली आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. उशिरा दिलं तर डोक्यात रक्तस्राव होऊन माणूस दगावू शकतं. "नक्की वेळ माहीत नसेल, तर शेवटचं नीट बघितलेली वेळ धरावी लागते. सात धरले तर वेळ निघून गेलीय. म्हणून पुन्हा विचारतो. नंतर कुणी बघितलंय का?"

असं म्हणून त्यांनी सगळ्यांकडं बघितलं. माझ्याकडंही बघितलं. आक्का, त्यांचे डोळे माझ्यावर थांबले होते. मी पदर पुढं ओढला.

त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते खरं लिहिते. आबांनी एकदा सांगितलं, त्यांच्या मागून मी वेगळं कसं सांगू. चारचौघांत, परक्या डॉक्टरपुढं मी त्यांना खोटं पाडलं असं होईल. आणि त्याच्या खाली अजून एक होतं. साडेनऊ म्हटलं, की डॉक्टर विचारतील, मग पुढं काय झालं, तुम्ही काय करत होता. मग बादलीचं सांगावं लागेल, सरीचं सांगावं लागेल. मी नेहमीसारखं बाजूला बघितलं, तुम्ही कुठं आहात म्हणून. माझं बोलणं न्यायला. तुम्ही दाराच्या आत होता, तोंड वाकडं होऊन पडलेल्या.

भिंतीवर घड्याळ होतं. बारा पस्तीस. साडेनऊ धरले तर दोनपर्यंत वेळ होती. चौथीपर्यंत शिकलेलीला एवढा हिशेब येतो.

मी बोलले, पण कधी? आबा आणि हे औषधं आणायला खाली गेले होते. एक नर्स तुमचे पाय पुसत होती. नखांत माती होती, घोट्याला सरीचा चिखल वाळला होता, तो माझ्याकडून घाईत धुवायचा राहिला होता. ती म्हणाली, "मावशी, ह्या आज शेतात गेल्या होत्या का?"

"व्हय."

"सकाळपासून बरं नव्हतं म्हणाले ना?"

"डोकं दुखायचं राहिलं व्हतं नंतर. साडेनवाला लाईट आली, तवा मोटर ह्यांनीच चालू केली. बोलत व्हत्या चांगल्या."

तिचा हात थांबला. तिनं घड्याळाकडं बघितलं आणि लगेच निघून गेली. डॉक्टर पळतच आले. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

"ताई, मघाशी तुम्ही इथंच होतात ना?"

मी मान हलवली. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. मी विचारलं, "इंजेक्शन दिलं असतं तर उठल्या असत्या का?" ते म्हणाले, "उठल्या असत्या असं मी म्हणत नाही. सगळ्यांना गुण येतोच असं नाही. पण देता आलं असतं."

नंतर त्या नर्सनं मला पाणी दिलं. म्हणाली, "दारातून आलेल्या माणसाला किती मिनिटांत इंजेक्शन दिलं, ते आमचं मोजलं जातं, मावशी. आम्ही पळतो त्यासाठी. पण घरातली वेळ आम्हाला कोण सांगणार? ती तुमच्याजवळच असते." तिनं आबांना काही सांगितलं नाही. डॉक्टरांनीही नाही. संध्याकाळी आबांना त्यांनी पुढच्या धोक्याचं सांगितलं, मागचं काढलं नाही. माझ्यावर सोडलं असावं.

तुम्ही नऊ दिवस होता. चौथ्या दिवशी डोळे उघडले. मला ओळखलं, हे मला नक्की माहीत आहे, कारण तुमच्या डाव्या डोळ्याला पाणी आलं. तुम्ही काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. तोच आवाज, मळ्यातला, जड. मी पाणी दिलं, तुम्ही तोंड फिरवलं. पांघरूण नीट केलं, तरी तोच आवाज. ऋतुजा म्हणाली, "मोठी आई काय मागतीय, आई?" मी म्हटलं, "मला कळत न्हाय." एकोणीस वर्षं तुम्ही माझं न बोललेलंसुद्धा ओळखलं. मला तुमचं बोललेलं ओळखता आलं नाही.

आठव्या दिवशी छातीत कफ भरला आणि नवव्या दिवशी तुम्ही गेला.

माणसं भेटायला येतात. ओट्यावर बसतात, मी चहा आत करते. प्रत्येक जण विचारतो, कसं झालं. आबा प्रत्येकाला तेच सांगतात. "सकाळपासनंच बरं न्हवतं. दवाखान्यात नेलं तवा वेळ निघून गेली व्हती. कुणाच्या हातात काय न्हवतं." माणसं माना हलवतात. आबांना त्या वाक्याचा आधार झाला आहे, हे मला आतून ऐकूनही कळतं. पहिल्यांदा सांगताना त्यांचा आवाज फाटला होता. आता फाटत नाही.

आणि मी कप घेऊन येते, उंबऱ्याशी ठेवते, आत जाते.

हे इथपर्यंत लिहून चार दिवस झाले. पुढचं आज लिहिते.

परवा दुपारी कोऱ्हाळ्याहून आबांचे मामेभाऊ तात्या आणि त्यांची बायको आली होती. तेच विचारणं, तेच सांगणं. ते गेल्यावर आबा एकटेच ओट्यावर बसले होते. मी कप उचलायला बाहेर आले. कप उचलले आणि पाय आत वळेनात. हे मळ्यात होते, ऋतुजा कॉलेजला. घरात निरोप न्यायला कुणी नव्हतं.

मी म्हटलं, "आबा."

त्यांनी रस्त्याकडं बघितलं. फाटकाशी कोण आलंय ते बघायला मान उंच केली. त्यांना माझा आवाज ओळखू आला नाही, आक्का. एकोणीस वर्षं त्यांच्या घरात राहून.

मी पुन्हा म्हटलं, "आबा, मी बोलतीय." मग त्यांनी वळून बघितलं आणि लगेच नजर खाली घातली.

मी सांगितलं. साडेनऊला लाईट आली, आक्कांनी मोटर चालू केली, चालत परत आल्या, पाणी बघ म्हणाल्या. दवाखान्यात डॉक्टरनी विचारलं तेव्हा दीड तास शिल्लक होता. मी आबांच्या मागं उभी होते आणि बोलले नाही. बादलीचंही सांगितलं. सरीचं सांगितलं. साडी बदलल्याचं सांगितलं. भांडणाचं सांगितलं, कशावरून तेही. मध्ये थांबले नाही, कारण थांबले असते तर तिथंच संपलं असतं.

मग म्हणाले, "साडेनवाला?"

"व्हय."

"चालत व्हती?"

"व्हय. बोलत बी व्हत्या."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. जमिनीकडं बघत म्हणाले, "मला म्हाइत न्हवतं ती कवा पडली ते. डॉक्टर इचारायला लागला. मला वाटलं, म्हणंल कसला नवरा हाय, बायको कवा पडली ते बी सांगता येईना. म्हणून म्हणलो, सकाळपासनं." मग म्हणाले, "मी बी मागं वळून तुला इचारलं न्हाय."

मी सांगताना मला वाटलं होतं, ते रागावतील, माझ्या पदरात माझं पाप पडेल आणि मोकळं वाटेल. तसं झालं नाही. ते उठले आणि चप्पल न घालता मळ्याकडं गेले. संध्याकाळी जेवले नाहीत. कुणाच्या हातात काय नव्हतं, हे वाक्य त्यांच्याजवळ होतं आणि ते मी काढून घेतलं. माझ्या एकटीचं होतं ते आता दोघांचं झालं. हे बरं केलं की वाईट, मला ठरवता येत नाही. आधी बोलले असते तर बरं झालं असतं, एवढंच मला कळतं. नंतरच्या बोलण्याचं कळत नाही.

आज सकाळी तुमच्या माहेरची माणसं आली. तुमचे थोरले बंधू, वहिनी आणि अजून दोन बायका. बंधू आजारी होते म्हणून दिवसांना आले नव्हते. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "नेमकं कसं झालं हो, दाजी?" मी आत चहा गाळत होते. आबांच्या नेहमीच्या वाक्याची वाट बघत होते. ते आलं नाही.

आबा म्हणाले, "मी न्हवतो तितं. सुमनला इचारा. ती व्हती."

त्यांनी माझं नाव घेतलं. मी गाळणं खाली ठेवलं आणि उंबऱ्यापर्यंत आले, मग उंबरा ओलांडून ओट्यावर आले. सगळं सांगितलं. साडेनऊपासून दोन वीसपर्यंत, काही न वगळता. तुमच्या वहिनी ऐकता ऐकता रडायला लागल्या. बंधू माझ्याकडं बघत होते. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "मग डॉक्टरनं इचारलं तवाच का न्हाय बोललीस, बाई?"

मी आबांकडं बघितलं. आबांनी माझ्या वतीनं काही सांगितलं नाही. तुम्ही असता तर मला पाठीशी घातलं असतं, काहीतरी चेष्टा करून विषय बदलला असता आणि मी आत निघून गेले असते.

मी बंधूंकडं वळले. "चुकलं," म्हटलं. ते तसेच बघत राहिले. मी तिथंच उभी राहिले.